शालूबाईचा दुसरा घाणा

लोणावळ्याच्या बाजारात हौशीरामची गुडदाणीची, म्हणजे गूळशेंगदाण्याच्या चिक्कीची, भट्टी होती. भट्टी म्हणायची आपली एवढंच. घराची रस्त्याकडेची एक खोली, खोलीत मातीची मोठी चूल, चुलीवर लोखंडी कढई आणि खाली शहाबादी फरशी. फरशीचा हौशीरामला भारी अभिमान. आख्ख्या आळीत सगळ्यांच्या जमिनी शेणाच्या आणि याच्याच खोलीत दगड! गुळाचा पाक आज ना उद्या सांडायचाच, तो मातीत मुरला की मुंग्यांना वर्षाचं आमंत्रण, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते खोटंही नव्हतं.

त्याची बायको शालूबाई, औंढ्याची लेक. बारा वर्षं तिनं या चुलीला जाळ घातला होता, शेंगदाणे भाजले होते, सोलले होते, पाखडले होते. कढई उतरवताना एका कानाला हौशीराम आणि दुसऱ्या कानाला ती, हाही नेमच होता. पण पाक झाला की नाही हे ठरवायचं त्यानं. "उतरव" म्हणायचं त्यानं. बारा वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुला काय वाटतं? आणि तिला तर वाटत होतं. पाकाचा वास बदलला की तिला चुलीपुढं बसल्या बसल्या कळायचं. कधी कधी हौशीराम घाई करी, कधी उशीर करी, आणि ती गप्प बसून लाकूड पुढं सारी. आपल्या हातानं एकदा, एकदाच, सबंध घाणा काढावा, अशी तिची फार इच्छा होती.

छत्तीस सालच्या श्रावणात ती वेळ आली, पण कशी! हौशीराम घसरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि तीन महिने हात हलवायचा नाही म्हणून बजावलं. तेवढ्यात मुंबईच्या एका दुकानदाराची मागणी आली, गणपतीसाठी चार डबे गुडदाणी, अमुक दिवशी तीनच्या गाडीनं यायलाच हवी. माल चांगला निघाला तर पुढं दर महिन्याला.

बातमी कार्ल्याला पोचली आणि हौशीरामचा चुलतभाऊ सोपान बैलगाडी जोडून हजर झाला. सोपानचं कार्ल्यात रस्त्याच्या कडेला शेवचिवड्याचं दुकान होतं. मनानं वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या ताटातली भाकरी त्याला नेहमी जास्त चांगली भाजलेली दिसायची.

"दादा, कढई कार्ल्याला नेतो," तो म्हणाला. "मागणी म्या पुरी करतो. बाईच्या हातनं पाक साधत न्हाई. आजवर कुनाच्या साधलाय?"

हौशीराम बिचारा दुखण्यानं टेकीला आलेला. त्यानं दोघांकडं पाहिलं आणि मधला मार्ग काढला. "मागणी शालीनं येळंत धाडली तर भट्टी हितंच. न्हाई धाडली तर तू कढई घिऊन जा, सोपाना. मंग कायमचीच ने."

कायमची! शालूबाईनं पदर खोचला आणि "चालंल" म्हणाली.

माल धाडायच्या दिवशी ती पहाटेच उठली. देवापुढं दिवा लावला. आणि मग तिनं ते केलं, जे तिच्या माहेरी कुठल्याही चांगल्या कामाआधी करतात. शेजारच्या गोठ्यातून पाटीभर शेण आणलं आणि चुलीभोवतीची सगळी फरशी सारवून काढली. दगडावर कुणी सारवतं का? पण शालूबाईच्या लेखी सारवण नसलेली जमीन म्हणजे कुंकू नसलेलं कपाळ. आपला पहिला घाणा, आणि तो असल्या बोडक्या दगडावर काढायचा? तिच्या मनाला पटेना. दारापर्यंत सारवत जायचं होतं, पण तेवढ्यात बयाबाई सरपणाची मोळी घेऊन आली आणि दाराजवळचा पट्टा राहून गेला.

बयाबाई डोंगरावरच्या वाडीतली. वयानं साठीची, अंगानं काटकुळी, पण काम दोन माणसांचं. ती बाजारातल्या घरांना सरपण घाली, भात कांडून देई आणि मजुरीबरोबर कोंडाही नेई, घरच्या म्हशीसाठी. आज कढईचा दुसरा कान धरायला शालूबाईनं तिलाच बोलावलं होतं.

सारवण श्रावणात वाळतं थोडंच! बाहेर धुकं, आत ओल. जाळ पेटला, गूळ विरघळला, पाक उकळायला लागला, तरी खालचं शेण ओलंच. सोपान गाडी दाराशी सोडून उंबऱ्याबाहेर तंबाखू मळत बसला होता. मदतीला आलो म्हणाला. कसली मदत, कढईवर नजर ठेवायला आला होता.

पाक झाला. शालूबाईच्या नाकानं सांगितलं, पाण्यात टाकलेल्या थेंबानंही सांगितलं. तिनं गोणपाटाच्या चिंध्या हातात घेतल्या, बयाबाईला खूण केली. दोघींनी कढई उचलली, एक पाऊल टाकलं, आणि ओल्या सारवणावरून शालूबाईचा पाय सटकला.

तिनं कान सोडला आणि मागं उडी मारली म्हणून पाय वाचले. बयाबाईही वाचली. पण कढई कलंडली आणि बारा शेर गुळाचा उकळता पाक चुलीपासून दारापर्यंत पसरत गेला. सगळ्या खोलीत गोड वास दरवळला. त्या वासाचा शालूबाईला जन्मात आला नव्हता एवढा राग आला.

"काय पडलं गं?" आतल्या खोलीतून हौशीराम ओरडला.

सोपान ताडकन उठला. "दगडावर शेन! आरं देवा! वहिनी, कुनी सांगितलंतं हे तुमाला?" असं म्हणत त्यानं दाराजवळच्या रांजणातलं गार पाणी घागरभर घेतलं आणि कुणी काही म्हणायच्या आत पाकावर ओतलं. हे त्याला कुणी सांगितलं होतं, ते देवच जाणे. दाराजवळचा पाक होता तिथंच थिजला, वर चिकट पाणी सुटलं आणि ते कोपऱ्याकोपऱ्यात शिरलं. सोपान त्यातच पाय रोवून उभा. त्यानं खुरपं घेतलं आणि खरवडायला बसला. खुरपं दगडावर करकरलं, धार दुमडली, पाक काही हलला नाही. उठायला गेला तर वहाण जागेवर आणि पाय तेवढा वर आला.

"दादा," तो एका पायावर उभा राहून म्हणाला, "हे काय आवरायचं लक्षण न्हाई. आता सांज होईल ह्यातच. कढई न्हेऊ का?"

आतून हौशीराम म्हणाला, "शाले, जाऊ दे. न्हेऊ दे त्याला."

शालूबाई भिंतीला टेकून उभी होती. पायाच्या अंगठ्यावर एक थेंब उडाला होता, तो चरचरत होता, पण रडू आलं ते त्याचं नव्हे. तिचं तिलाच वाईट वाटलं. बारा वर्षं जी गोष्ट मागितली नाही ती एकदा हाती आली आणि आपल्याच शेणानं घालवली. नवऱ्याचा आवाज ओरडल्यासारखा असता तर बरं झालं असतं. तो कनवाळू होता, म्हणून जास्त झोंबला.

बाहेर मुंबईकडं जाणाऱ्या सकाळच्या गाडीची शिट्टी झाली. म्हणजे आठ वाजले. आणि आपली गाडी तीनची. शालूबाईनं डोळे पुसले, खाली पाहिलं, आणि पाहतच राहिली.

चुलीजवळ, जिथं तिनं सारवलं होतं, तिथं पाकाची कड जमिनीपासून उचलली गेली होती. अगदी जराशी, नखाएवढी. तिनं खाली बसून त्या कडेखाली उलथण्याचं टोक सारलं. तळहाताएवढा तुकडा सुटून आला. त्याच्या पाठीला शेणाचा पातळ पापुद्रा, आणि खाली फरशी? हौशीरामनं बसवली त्या दिवशी होती तशी!

"बया मावशी," ती हळूच म्हणाली, "हे बघा. पाकानं दगड धरलाच न्हाई. शेन मधी आडवं आलंय."

बयाबाई वाकली, तुकडा हातात घेऊन उलटापालटा केला आणि खुदकन हसली. "आगं, म्हंजी ज्येनं पाडलं त्येच उचलाया लागलंय."

मग मात्र शालूबाईच्या अंगात वारं शिरलं. "कुनी हात लावायचा न्हाई," तिनं फर्मावलं. "मऊ हाय तवर खरवडलं की लांबतं आन् फासलं जातं. गार हुंद्या. भावजी, तुमी पैलं त्ये खुरपं ठेवा आन् बाहेर व्हा."

"बाहेर कसा होऊ? वहाण हितं हाय की!"

"वहाण र्‍हाऊ द्या. ती बी गार व्हईल."

आता थांबायचं होतं, आणि हातात वेळ नसताना थांबणं ही काही साधी गोष्ट नाही. पण ती थांबली. तेवढ्यात तिनं कढई घासली, चुलीत लाकडाच्या दोन ढपल्या सारल्या आणि मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवलं. मधला जाड पाक मात्र हट्टी. वरून कडक झाल्यासारखा दिसे आणि बोट लावलं की बोटाला धरून बसे. श्रावणाची हवाच अशी, गूळ गार होतो तो घाम फुटूनच. तिनं इकडं तिकडं पाहिलं. दाराआड बयाबाईचं कोंड्याचं पोतं होतं.

"मावशी, कोंडा देशीला?"

"म्हशीचा हाय तो," बयाबाई म्हणाली. मग पाकाकडं पाहिलं, पोत्याकडं पाहिलं आणि तिचं तोंड फुललं. "आन् त्येला गूळ लागला तर म्हस काय न्हाई म्हनायची न्हाई. घे!"

दोघींनी मुठी मुठी कोंडा पाकावर भुरभुरवला. कोंड्यानं वरचा ओलावा पिऊन घेतला. चिकटपणा मेला. मग बयाबाई एका बाजूनं आणि शालूबाई दुसऱ्या बाजूनं, कडेखाली उलथणं सारायचं, वरून लाटण्यानं हलकेच टोला द्यायचा, की टचकन भेग जाई आणि परातीएवढा फाळका मोकळा होई. फाळका पोत्यात टाकायचा, पुढचा घ्यायचा. बयाबाई म्हणाली वरचा थर म्हशीला, खालचा उकिरड्याला. घटकाभरात चुलीपासून अर्ध्या खोलीपर्यंतची जमीन मोकळी झाली. सोपान उंबऱ्याबाहेरून एका पायात वहाण घालून बघत होता. तंबाखू मळायचं विसरला होता.

राहिला दाराजवळचा पट्टा. तिथं सारवण नव्हतं, नुसता दगड होता, आणि वर सोपानच्या गार पाण्याचा उपकार. तिथं पाक दगडाला असा धरून बसला होता की उलथणं वाजायचं फक्त. सोपानला जरा बरं वाटलं. "हितं मातूर वहिनी तुमचं शेन न्हाई," तो म्हणाला.

"शेन नसलं तरी डोकं हाय," शालूबाई म्हणाली.

तिनं गोणपाट चौघडी करून त्या पट्ट्यावर अंथरलं आणि वर कडकडीत पाणी ओतलं. गोणपाट वाफाळलं. त्यावर दुसरं टाकलं, वाफ कोंडली. पुन्हा थांबली. पाणी निवायला लागलं की पुन्हा आधण. तिसऱ्या आधणानंतर तिनं गोणपाटाची कड उचलली. खालचा पाक विरघळून तपकिरी पाणी झाला होता आणि गोणपाट ते पाणी पिऊन जडशीळ झालं होतं. ते तिनं तसंच गुंडाळून मोरीत पिळलं. दोनदा, तीनदा. सोपानची वहाण आपसूक सुटून बाजूला झाली. मग चुलीतली चाळलेली राख आणि गरम पाणी, नारळाच्या शेंडीनं घासाघास, वर स्वच्छ पाणी आणि कोरडं फडकं. फटीतून तिनं चिंधी काडीला गुंडाळून फिरवली. एक मुंगी पाहणीला आली होती, ती रिकामीच परत गेली.

शेवटी शालूबाई अनवाणी त्या दारापासून चुलीपर्यंत चालली आणि परत आली. चिकट जमीन पाय उचलताना आवाज करते. तिनं कान देऊन ऐकलं. कसला आवाज नाही. ती पुन्हा एकदा चालली, या खेपेला फक्त बरं वाटलं म्हणून.

"झालं?" आतून हौशीरामनं विचारलं.

"जमीन झाली," ती म्हणाली. "आता घाणा व्हायचाय."

गूळ होता, दुसऱ्या घाण्यापुरताच होता. हा बिघडला तर संपलं. तिनं कढई चढवली. चुलीभोवती या वेळी सारवण नाही, कोरडी गोणपाटं अंथरली. पाक उकळायला लागला. आधी मोठे बुडबुडे, मग बारीक, मग रंग गडद. हौशीरामला आत बसवेना. हात गळ्यात अडकवून तो दारात येऊन उभा राहिला आणि नाक वर करून वास घेऊ लागला.

"उतरव," तो म्हणाला.

बारा वर्षांत त्या शब्दावर शालूबाईचा हात आपोआप कानाकडं जाई. आताही गेला. मग थांबला. तिनं वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला. थेंब बोटात वाकला.

"आजून न्हाई," ती म्हणाली.

"आगं जळंल! उतरव म्हंतो न्हवं!"

"आजून न्हाई."

सोपाननं भावाकडं पाहिलं, भावानं सोपानकडं. बयाबाईनं दोघांकडंही पाहिलं नाही, ती शालूबाईकडंच बघत होती. जळला तर नवऱ्याचं ऐकलं नाही म्हणून जळला, हे कार्ल्यापासून औंढ्यापर्यंत सगळ्यांना कळणार होतं. पण वास अजून कच्चा होता. तिला तो कच्चा लागत होता आणि तिचं नाक तिला बारा वर्षांत कधी खोटं बोललं नव्हतं. तिनं दुसरा थेंब टाकला. वाकला. हौशीरामनं तोंड फिरवलं. वास बदलला. तिसरा थेंब पाण्यात पडताच कडक झाला आणि बोटात कट्कन तुटला. तो आवाज चौघांनी ऐकला.

"आता!" ती म्हणाली आणि उठली. बयाबाई पुढं आली तशी तिला शालूबाईनं हातानं थांबवलं. "मावशी, तुमी दाणं घाला. भावजी, कढई न्यायला आलायसा न्हवं? या. धरा ह्यो कान."

सोपान जागच्या जागी घुटमळला. पण पाक थांबत नाही, आणि शालूबाईच्या त्या आवाजापुढं सोपानही थांबू शकला नसता. त्यानं दुसरी वहाणही बाहेर काढली, चिंध्या घेतल्या आणि मुकाट्यानं कान धरला. कढई उतरली. दाणे पडले, शालूबाईनं उलथण्यानं सपासप घोळवलं, तूप लावलेल्या पाटांवर ओतलं, लाटलं, आणि गरम आहे तोवर सुरीनं चौकोन पाडले. सोपान पाट धरत होता, पाट सरकवत होता आणि "जरा हिकडं, भावजी" म्हटलं की तिकडं होत होता.

गार झाल्यावर तिनं पहिला तुकडा मोडला. काचेसारखा मोडला. दाताला चिकटला नाही, तळव्याला लागला नाही. हौशीरामनं डाव्या हातानं तोंडात टाकला, डोळे मिटून चावला, आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढं केला. शालूबाईनं दिला नाही. "डबं भरू द्या आदी," ती म्हणाली.

दोन वाजता चार डबे भरून, झाकणांना पट्ट्या चिकटवून तयार झाले. स्टेशनावर न्यायला गाडी होतीच दाराशी, कढईसाठी आणलेली. सोपाननं बैल जोडले. शालूबाई डब्यांजवळ बसली. बाजारातून बैलगाडी निघाली तेव्हा ती सरळ समोर बघत होती, आणि दुकानांतून माणसं तिच्याकडं बघत होती. तीनच्या गाडीत डबे चढले, गाडी बोरघाटाकडं निघाली, आणि आगगाडीचा शेवटचा डबा धुक्यात दिसेनासा होईपर्यंत ती फलाटावर उभी राहिली. तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं. मग ती हसलीच. पार्सलबाबू चमकून बघायला लागला.

परत फिरताना सोपान घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, माज्या दुकानात गेल्या साली काकवीचं मडकं फुटलंतं. आजून मुंग्या जात न्हाईत. त्ये... गरम पाणी आदी का गोणपाट आदी?"

"गोणपाट आदी," शालूबाई म्हणाली. "आन् गार पाणी आजिबात न्हाई."

घरी आली तेव्हा हौशीराम चुलीजवळ बसला होता. एका हातानं त्यानं पाट पुसून भिंतीला लावून ठेवले होते, वेडेवाकडे, पण लावले होते. तिनं त्यातला एक पाट सरळ केला. आधी तोच बोलला.

"म्या सांगितलं तवा उतरवला असता तर दाताला चिकटला असता."

"व्हय."

"हात बरा हुयाला तीन म्हयनं लागतील," तो म्हणाला. "त्येच्या फुडं..."

"त्येच्या फुडं तुमी दाणं सोला," शालूबाई म्हणाली. "पाक म्याच उतरवीन."

हौशीरामनं डाव्या हातानं चुलीतले निखारे सारखे केले. बाहेर सोपान बैलांना हाकलत होता, गाडी रिकामी खडखडत निघाली होती. मग हौशीरामनं मान वर केली आणि जरा भीत भीतच विचारलं,

"आन् जाळ? त्यो तरी घालू देशील का?"

शालूबाईनं उलथणं धुऊन खुंटीला अडकवलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "बघू. आदी दाणं कसं भाजताय त्ये बघते."